बारा आठवड्यांचा हिशेब

(कामतघर, भिवंडी येथे शिक्षक, पंचायत सदस्य व शासकीय कर्मचारी यांच्यापुढे केलेले भाषण)



वऱ्हाळदेवी तलावाच्या काठी वसलेल्या या कामतघरात यंत्रमागांचा खडखडाट इतका अंगवळणी पडला आहे, की तो थांबला म्हणजेच आपण दचकतो. यकृताचे मात्र उलट असते. ते बिघडत असताना आवाजच करीत नाही. 'हिपॅटायटिस सी'चा विषाणू रक्तावाटे शरीरात शिरतो आणि वर्षानुवर्षे यकृतात मुक्काम करतो. बहुतेकांचे डोळेही पिवळे होत नाहीत.

हा विषाणू 1989 साली ओळखला गेला. त्यानंतर बरीच वर्षे इंटरफेरॉनची इंजेक्शने व रिबाविरिन हाच उपचार होता, तोही 24 ते 48 आठवडे. ताप, अशक्तपणा सोसूनही अनेकांच्या पदरी निराशाच येई. आता पोटात घ्यावयाच्या गोळ्या आल्या असून मुदत साधारणतः 12 आठवड्यांवर, म्हणजे 84 दिवसांवर आली आहे.

हा आकडा कोणी पंचांग पाहून काढलेला नाही. 2015 साली प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीत, एचआयव्हीचीही बाधा असलेल्या आणि पूर्वी उपचार न घेतलेल्या रुग्णांना सोफोसबुविर व डॅक्लाटासविर ही औषधे देण्यात आली. 12 आठवडे औषध घेणाऱ्यांपैकी शेकडा 97 बरे झाले. आठ आठवडे घेणाऱ्यांपैकी 76. चार आठवड्यांचा हा फरक! आपल्या देशात विशेष आढळणाऱ्या तिसऱ्या प्रकारच्या विषाणूवर त्याच वर्षी हीच औषधे 12 आठवडे दिली गेली, तेव्हा सिऱ्होसिस नसलेले शेकडा 96 बरे झाले, असलेले 63 च. म्हणून अशांना वेगळे औषध, जोडीला रिबाविरिन अथवा 24 आठवड्यांची मुदत द्यावी लागते. मुदत डॉक्टरांनी तपासणीनंतरच ठरवावयाची ती यासाठी.

अडचण वेगळीच आहे. गोळ्या सुरू झाल्या की काही आठवड्यांतच रक्तात विषाणू सापडेनासा होतो, माणसाला हुशारी वाटते. तेवढ्यात होळी येते किंवा भातलावणी, आणि माग सोडून कामगार गावी निघतो. गोळ्या तुटतात, आणि दबलेला विषाणू पुन्हा डोके वर काढू शकतो.

28 जुलै 2018 पासून राष्ट्रीय व्हायरल हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रमात तपासणी व औषधे विनामूल्य मिळतात. गावी निघणाऱ्याला आपण एवढेच विचारावे, आणि तेही एकांतात: गोळ्या किती उरल्या, आणि केंद्रावर सांगून पुढच्या घेतल्या का? शेवटच्या गोळीनंतर 12 आठवड्यांनी रक्ततपासणी असते. त्या दिवसापर्यंत त्याला परत यावयाचे आहे.