कॅनोनेट घ्यावा की याशिका?



ज्या व्यासपीठावर वेदान्तापासून अर्थसंकल्पापर्यंत सर्व विषयांचा ऊहापोह होतो, तेथे जुना कॅमेरा कोणता घ्यावा या प्रश्नासाठी एक संध्याकाळ खर्च करावी काय, अशी शंका काही मंडळींच्या मनात असेल. परंतु हल्ली वीस-बावीस वर्षांची मुले पुन्हा फिल्म भरून छायाचित्रे काढू लागली आहेत, आणि त्यांचे पालक माझ्यासारख्याला गाठून विचारतात, “अहो, पोरगा पन्नास वर्षांचा कॅमेरा विकत घेतो म्हणतो, घेऊ द्यावा का?” घेऊ द्यावा, असेच मी सांगतो. मात्र पुढचा प्रश्न, कोणता घ्यावा, हा अधिक अवघड आहे. फिल्मच्या कॅमेऱ्याची चूक त्या क्षणी दिसत नाही. रोल संपतो, धुवायला जातो, आठवड्याने परत येतो, आणि तेव्हा कळते की बहिणीच्या साखरपुड्याची छत्तीसच्या छत्तीस चित्रे काळवंडली आहेत. साखरपुडा काही पुन्हा करता येत नाही.

आपल्यातील वडीलधाऱ्यांना बडोद्यास तयार होणारा आग्फाचा क्लिक थ्री आठवत असेल. त्या डब्यात फोकस नावाची भानगडच नव्हती. चार पावले दूर उभे राहावे, ऊन असावे आणि खटका दाबावा. रेंजफाइंडर कॅमेऱ्याचे तसे नाही. त्याच्या कपाळावर दोन झरोके असतात, एकमेकांपासून काही अंतरावर. आपल्याला दोन डोळे असल्यामुळे जशी अंतराची जाण येते, तशीच ही युक्ती आहे. दुसऱ्या झरोक्यातील प्रतिमा आरशाने वळवून पहिल्या झरोक्यात आणलेली असते. भिंग फिरवावे तशी ती फिकट प्रतिमा सरकते, आणि दोन्ही प्रतिमा एकमेकींवर बसल्या की अंतर जुळले. अंधुक उजेडातही हे काम चोख होते. खटक्याचा आवाज तर इतका हळू, की शेजारी बसलेल्यालाही कळू नये.

या जातीचे कॅमेरे पुष्कळ आहेत. जर्मन लायकाची गोष्ट मी आज काढत नाही. ते ज्यांना परवडते त्यांना माझ्या सल्ल्याची गरज नाही. मध्यम खिशाच्या माणसापुढे बहुधा दोन जपानी नावे येतात. एक १९७२ साली निघालेला कॅनन कंपनीचा कॅनोनेट क्यूएल १७ जी-थ्री, आणि दुसरा १९७३ चा याशिका इलेक्ट्रो ३५ जीएसएन. दोन्ही घराणी तशी जुनी. पहिला कॅनोनेट १९६१ चा, पहिला इलेक्ट्रो १९६६ चा. दोघांची भिंगे एफ १.७ ची, म्हणजे संध्याकाळच्या उजेडात पुरेशी मोठी. कॅनोनेटचे ४० मिलिमीटरचे, याशिकाचे ४५ चे. लहानशा खोलीत पाठ भिंतीला टेकली असता चाळीसाच्या भिंगात एखादा पाहुणा अधिक मावतो, एवढाच काय तो फरक. चित्राच्या स्पष्टतेवरून या दोघांत डावे-उजवे करण्यात मी तरी वेळ घालवणार नाही. कॅनोनेट वजनाने हलका, सुमारे सव्वासहाशे ग्रॅम. याशिका साडेसातशेच्या घरात आणि अंगानेही थोराड.

मग भेद आहे कोठे? तो आहे निर्णय कोणी घ्यायचा यात. छायाचित्रात उजेड किती घ्यायचा हे दोन गोष्टींनी ठरते: भिंगाचे छिद्र किती उघडायचे आणि शटर किती वेळ उघडे ठेवायचे. कॅनोनेटमध्ये वेळ तुम्ही ठरवता आणि छिद्र कॅमेरा ठरवतो. शिवाय मनात आले तर दोन्ही तुम्हीच ठरवू शकता, कारण त्याचे शटर निव्वळ चाकांवर आणि स्प्रिंगांवर चालते. बॅटरी लागते ती फक्त उजेड मोजण्यापुरती. याशिकात छिद्र तुम्ही ठरवता आणि वेळ वीज ठरवते. किती वेळ ठरवला हे तो तुम्हाला सांगतही नाही. फार उशीर होणार असेल तर पिवळा दिवा आणि उजेड मर्यादेबाहेर असेल तर तांबडा दिवा लावतो, बस्स.

येथवर ऐकून आपण म्हणाल, झाले, कॅनोनेटच श्रेष्ठ. बॅटरीचा मिंधा नसलेला. पुस्तकी न्यायाने ते खरे आहे. पण व्यवहारात एक गंमत होऊन बसली आहे. हे दोन्ही कॅमेरे पाऱ्याच्या बॅटरीवर बेतलेले होते. पारा विषारी, अमेरिकेत १९९६ च्या कायद्याने अशा बॅटऱ्यांवर बंदी आली आणि हळूहळू त्या सगळीकडूनच नाहीशा झाल्या. कॅनोनेटची बॅटरी १.३५ व्होल्टची होती. तिच्या जागी हल्लीची दीड व्होल्टची साधी बॅटरी घातली तर त्याचे मापक फसते. आहे त्यापेक्षा अधिक उजेड आहे असे त्याला वाटते, आणि चित्र काळपट येते. बरे, फिल्मचा वेग बदलून तेवढी दुरुस्ती करावी म्हटले, तर या बॅटरीचा दाब दिवसेंदिवस उतरत जातो, म्हणजे आजची दुरुस्ती महिन्याने लागू पडत नाही. यावर उपाय आहे, आणि तो कानाच्या यंत्राच्या दुकानात मिळतो. ६७५ क्रमांकाचा जस्त-हवेचा सेल घ्यावा, भोवती एक कडे बसवावे, आणि कागदी चिकटपट्टी काढून आत घालावा. दाब जवळजवळ जुन्याइतकाच आणि स्थिर. मात्र पट्टी काढली की तो सेल वापरा न वापरा, काही आठवड्यांत संपतो. आजोबांचे सेल नातू पळवतो, अशी तक्रार मला एका घरातून ऐकायला मिळाली आहे.

उलट याशिका, जो बॅटरीवाचून अगदी पांगळा म्हणून बदनाम, त्याला ५.६ व्होल्टच्या जागी आजची सहा व्होल्टची बॅटरी छोट्या आधाराने बसवली तरी काहीच बिघडत नाही. त्याच्या मंडलाची रचनाच तेवढा फरक सहन करणारी आहे. तेव्हा ज्याला बॅटरी हवीच हवी तो आज बिनतक्रार चालतो, आणि ज्याला ती नसली तरी चालते त्याचे मापक मात्र लाड मागते. हे ध्यानात न घेता केवळ लौकिकावर कॅनोनेट घेणाऱ्यांचे काळे रोल मी पाहिले आहेत.

पण बॅटरी संपल्याचा दिवसही येणारच. त्या दिवशी कॅनोनेट सेकंदाच्या चौथ्या भागापासून पाचशेव्या भागापर्यंत सर्व वेग पूर्ववत देतो; उजेडाचा अंदाज तुमचा. याशिका मात्र एकाच वेगावर येतो, सेकंदाचा पाचशेवा भाग. हेही अगदीच निरुपयोगी नव्हे. आपल्या वैशाखातल्या उन्हात चारशे वेगाची फिल्म असेल तर छिद्र सोळावर ठेवावे, शंभरची असेल तर आठावर. चित्र नीट येते. फक्त सावलीत जाऊ नये. संध्याकाळ झाली की काम संपले.

अंधाराची गोष्ट निघाली म्हणून सांगतो. याशिकाची खरी हौस फिटते ती रात्री. तिवईवर ठेवावा, दिवाळीच्या पणत्यांकडे वळवावा आणि खटका दाबून स्वस्थ राहावे. दहा सेकंद लागोत की वीस, उजेड पुरेसा झाला की तो आपणहून शटर मिटतो. कॅनोनेटच्या पाव सेकंदाच्या मर्यादेत हे सुख नाही. तेथे शटर उघडे ठेवून तोंडाने अंक मोजत बसावे लागते.

झाकणाचा किस्साही लक्षात ठेवण्यासारखा आहे. रेंजफाइंडरमध्ये आपण भिंगातून पाहत नाही, वेगळ्या झरोक्यातून पाहतो. त्यामुळे भिंगाचे झाकण काढायचे राहिले तरी समोरचे दृश्य स्वच्छ दिसते. कॅनोनेटचा प्रकाशनेत्र भिंगाच्याच कड्यात आहे. झाकण असेल तर त्याला अंधार दिसतो आणि स्वयंचलित बेतात शटर दबतच नाही. याशिकाचा नेत्र वर कपाळावर. त्याला झाकणाची वार्ताही नसते, तो खुशाल कोरी चित्रे काढीत राहतो.

आता प्रत्यक्ष सौद्याविषयी. जुन्या वस्तूत नमुन्यापेक्षा नग महत्त्वाचा. दोघांचेही नवे सुटे भाग आता कोणी बनवत नाही. तेव्हा विकणाऱ्याने “चालू आहे” म्हटले की मान डोलावू नये. याशिका बॅटरीशिवाय दाखवत असेल तर तो पाहिलाच नाही असे समजावे. बॅटरी घालून मागची कळ दाबावी. चित्रांच्या आकड्यापाशी दिवा लागला पाहिजे. मग प्रकाशनेत्रावर बोट ठेवून खटका दाबावा. पिवळा दिवा लागावा आणि शटर उघडे राहावे, बोट काढताच मिटावे. फिल्म पुढे सरकवण्याचा दांडा ओढताना आत ‘ठक्’ असा आवाज यावा. तो येत नसेल तर आतला रबराचा लहानसा तुकडा कुजला आहे, आणि तसा कॅमेरा उजेडाचे माप चुकवतो. दुरुस्ती होते, पण वरचे झाकण उघडणारा कारागीर आधी शोधा आणि मग पैसे मोजा.

कॅनोनेटचे पाठीमागचे दार उघडून पाव सेकंदाचा वेग ऐकावा. अडखळत असेल तर आत तेल आले आहे. दोघांच्याही दाराच्या खाचांतील काळा स्पंज बोटाला डांबरासारखा चिकटत असेल तर घाबरू नये, तो बदलणे स्वस्त आहे. भिंगातून दिव्याकडे पाहावे. कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले तर ती बुरशी. आपल्या कोकणातल्या आणि मुंबईतल्या पावसाळ्यांची देणगी. तेवढ्यासाठी मी तरी सौदा सोडतो. आणि शेवटी दूरच्या रस्त्यावरचा दिवा झरोक्यात धरून भिंग अनंतावर न्यावे. दोन दिवे एक झाले पाहिजेत, वरखालीही नकोत. भिंग पूर्ण उघडले असता एक मीटरवर जेमतेम तीन-चार बोटांचा पट्टा स्पष्ट येतो. दिवे जुळत नसतील तर चेहऱ्याऐवजी कान स्पष्ट येईल.

मला विचाराल तर शिकणाऱ्या मुलाला मी कॅनोनेट देईन, कानाच्या सेलांच्या पाकिटासह. आणि काही महिन्यांनी ते पाकीट काढून घेईन, म्हणजे तो ऊन-सावलीचा अंदाज स्वतः बांधू लागेल. ज्या गृहस्थाला किंवा गृहिणीला केवळ घरच्या माणसांची, दिव्यांच्या उजेडातली चित्रे हवी आहेत आणि आकड्यांचा कंटाळा आहे, त्यांनी निःशंकपणे याशिका घ्यावा. दोन्हींपैकी एकच नग निरोगी मिळाला, तर माझे हे सारे विवेचन विसरून तोच घ्यावा.

घेतल्यावर पहिला रोल लग्नाकार्यात वापरू नये. अंगणात, ओसरीवर, स्वयंपाकघरात, रस्त्याच्या दिव्याखाली अशी चित्रे काढावीत आणि प्रत्येकाची नोंद वहीत करावी: अंतर किती, छिद्र किती, उजेड कसा. रोल धुऊन आला की वही उघडून एकेक निगेटिव्ह तिच्याशी ताडून पाहावी, आणि मग साखरपुड्याची तारीख विचारावी.