मुलांच्या खेळाला मनाची जोड

(मंडळाच्या सभेतील भाषण)



माझे शिक्षण सातवीपर्यंतचे. तेव्हा मानसशास्त्राचे मोठाले शब्द माझ्या तोंडून निघायचे नाहीत. मुलीला मैदानावर नेता-आणताना जे पाहिले तेवढेच सांगते.

मुलांच्या दुधाची, बुटांची काळजी आपण घेतो. मनाची कोण घेते? शर्यतीच्या सकाळी माझ्या मुलीच्या पोटात अन्न ठरत नसे, हातपाय गार पडत. शेजारच्या एक आजी म्हणाल्या, "एवढा जीव टांगणीला लागतो तर घरी बसव." वडीलधाऱ्यांचा मान राखून सांगते, मला ते पटले नाही. पाय कच्चे असले तर आपण सराव करवतो. मग मन कच्चे म्हणून खेळ का सोडवायचा?

आपल्याच जिल्ह्यातले दत्तू भोकनळ पाहा. चांदवड तालुक्यातील तळेगाव रोहीचे. विहिरी खोदायच्या कामावर राबलेले. सैन्यात गेल्यावर वल्हे हाती आले, आणि पाण्याची तर आधी भीती! २०१६ च्या रिओ ऑलिंपिकला एकट्याच्या नौकेत ते १३ वे आले. २०१८ साली इंडोनेशियातील आशियाई स्पर्धेत एकट्याच्या अंतिम शर्यतीत सहावे, म्हणजे शेवटचे. आणि दुसऱ्याच दिवशी चौघांच्या नौकेत सुवर्णपदक! मधल्या त्या एका रात्रीत मन कसे सावरले असेल, याचाच मी पुष्कळदा विचार करते.

कोल्हापूरकडचे स्वप्नील कुसळे नेमबाजी शिकले ते आपल्या नाशिकच्या क्रीडा प्रबोधिनीत. २०२४ साली पॅरिसच्या अंतिम फेरीत पहिल्या टप्प्यानंतर ते सहावे होते. शेवटी कांस्यपदक घेऊन उठले. गुणफलकाकडे पाहिलेच नाही, श्वासावर लक्ष ठेवले, असे त्यांनी नंतर सांगितले. (गुणफलक पाहायची घाई आपणा आयांनाच!)

मुलीच्या शिक्षकांनी तिला साधेच शिकवले. रात्री डोळे मिटून सगळी शर्यत मनातल्या मनात पळायची: रेषा, पिस्तुलाचा आवाज, वळण, शेवट. चार आकडे श्वास घ्यायचा, सहा आकडे सोडायचा. पहिला आठवडा ती वळणावरच झोपी जाई! आता शर्यतीच्या सकाळी अर्धी भाकरी खाते. क्रमांक अजून चौथा-पाचवाच येतो.

तिकडून आल्यावर "कितवी आलीस?" हे जेवण होईपर्यंत विचारायचे नाही, असा आमच्या घरी नेम आहे. तिचे वडील तो कसाबसा पाळतात.

शनिवारी संध्याकाळी मंडळाची खोली रिकामी असते. आळीतल्या खेळणाऱ्या मुलामुलींना तिथे अर्धा तास बसू द्यावे, अशी माझी विनंती आहे. चटया मी आणीन.