लग्नाचा कायदा कुठे अडला?


कोरेगावात असा की रहिमतपुरात, दोन मिनिटं ऐका.

दोन सज्ञान समलिंगी व्यक्तींचे संमतीचे संबंध,
हा गुन्हा नाही.
सर्वोच्च न्यायालयानं २०१८ साली तसा निकाल दिला.

मग लग्न?
त्याला अजून मान्यता नाही.

बारामतीच्या खासदार सुप्रिया सुळे यांनी २०२२ मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं.
विशेष विवाह कायदा बदला, ही मागणी.
आंतरधर्मीय जोडपी ज्याखाली नोंदणी लग्न करतात, तोच हा कायदा.
विधेयकात वयसुद्धा होतं.
दोघे पुरुष असतील, तर एकवीस.
दोघी स्त्रिया असतील, तर अठरा.

पण खासगी विधेयकाला आपल्याकडे विचारतो कोण!
१९७० नंतर एकाचाही कायदा झालेला नाही.
लोकसभेची मुदत संपली,
विधेयकही बारगळलं.

मधल्या काळात, २०२३ मध्ये, न्यायालयानंही सांगितलं:
समलिंगी लग्नाचा कायदा करणं संसदेचं काम.

तेव्हा पुन्हा सांगते.
संबंध गुन्हा नाही,
पण लग्नाला मान्यताही नाही.

जाता जाता एक कामाची गोष्ट.
अशा जोडप्याला बँकेत संयुक्त खातं उघडता येतं.
जोडीदाराला नॉमिनीही करता येतं.
केंद्र सरकारनं २०२४ मध्ये तसं स्पष्ट केलंय.
काउंटरवर कुणी नाही म्हणालं, तर हे जरूर सांगा.