आयर्लंडमधील घरपट्टी-विरोध आणि त्याचा धडा



आयर्लंडमध्ये घरपट्टी १९७८ साली रद्द झाली होती. पुढे बँका बुडाल्या. २०१० मध्ये युरोपीय संघ व आंतरराष्ट्रीय नाणेनिधीचे कर्ज अटींसह आले आणि २०१२ पासून घरमालकांवर सरसकट १०० युरोंची पट्टी लादण्यात आली. वाडा असो वा खोपटे, रक्कम एकच!

सरकार म्हणे, स्थानिक सेवांसाठी पैसा हवा. विरोधक विचारीत, बँकांचे देणे श्रमिकांनी का फेडावे? ३१ मार्चच्या मुदतीपर्यंत सुमारे १६ लाख घरांपैकी जेमतेम निम्म्यांचीच नोंदणी झाली.

परंतु २०१३ मध्ये मूल्याधारित कर आला. वसुली महसूल खात्याकडे गेली, वेतनातून कपातीचा अधिकारही त्यास मिळाला. तेथे नकाराची भिंत खचली. धडा स्पष्ट आहे: घराच्या उंबरठ्यावरील निर्धारास कारखान्यातील व कचेरीतील संघटनेची जोड हवी.