कॅलिफोर्नियांतील हायस्कूल : उत्तीर्ण होणें आणि पात्र होणें

पुण्यामुंबईकडील पुष्कळ घरांत आज अशी स्थिति आहे कीं, मुलगा किंवा मुलगी नोकरीनिमित्त कॅलिफोर्नियांत, नातवंडें तेथील शाळेंत, आणि आजीआजोबा इकडे. दर रविवारीं दूरध्वनीवर अभ्यासाची चौकशी होते आणि उत्तर येतें, "पास आहे, ठीक चाललें आहे." हें "पास आहे" म्हणजे नेमकें काय, याचा उलगडा करावा एवढाच आजच्या भाषणाचा हेतु आहे. ज्यांना लवकरच मुलांसह तिकडे जावयाचें आहे, त्यांना तर तो लगेच उपयोगीं पडेल. अमेरिकेंत शिक्षण हा प्रत्येक राज्याचा आपापला विषय असल्यामुळें न्यू जर्सीचे नियम निराळे, टेक्ससचे निराळे. सगळ्यांचा एकदम परामर्श घेतला तर श्रोत्यांच्या पदरीं गोंधळाशिवाय कांहीं पडणार नाहीं. म्हणून मीं एकच राज्य निवडलें आहे, आणि तेंही जेथें मराठी माणसांची वस्ती बरीच आहे असें.

आपल्या मनांत शाळा संपण्याचें एक चित्र पक्कें बसलेलें आहे. मॅट्रिक्युलेशन या शब्दाचा मूळ अर्थच विद्यापीठाच्या पटावर नांव दाखल होणें असा आहे. मुंबई विद्यापीठानें १८५९ सालीं ती परीक्षा प्रथम घेतली. पुढें मॅट्रिकची एस्. एस्. सी. झाली, अकरावीची दहावी झाली, बारावी आली, तरी चित्र तेंच राहिलें : शाळेचें शेवटचें दार आणि कॉलेजचें पहिलें दार एकच, आणि तें एका परीक्षेनें उघडतें. वैद्यकी व अभियांत्रिकीच्या प्रवेशपरीक्षांनीं या समजुतीला अलीकडे तडा गेला आहे खरा. परंतु "मुलगा पास झाला" म्हटलें कीं पेढे वांटण्याची आपली संवय कांहीं सुटलेली नाहीं.

कॅलिफोर्नियांत हीं दोन दारें निराळीं आहेत आणि त्यांवरील पहारेकरीही निराळे. शाळा संपल्याचा दाखला, म्हणजे डिप्लोमा, देतें स्थानिक शाळामंडळ. त्यानें निदान किती मागावें हें राज्याच्या कायद्यानें ठरविलें आहे. विद्यापीठांत येण्यास विद्यार्थी पात्र आहे कीं नाहीं हें मात्र विद्यापीठच ठरवितें, आणि त्याची यादी स्वतंत्र आहे. ही दुसरी यादी घरांत कोणी वाचलेली नसते, हेंच पुष्कळ दुःखाचें मूळ आहे.

राज्याची यादी प्रथम पाहूं. नववी ते बारावी या चार वर्षांत विद्यार्थ्यानें वर्षभराचे १३ अभ्यासक्रम पुरे करावयाचे : इंग्रजी तीन, गणित दोन, विज्ञान दोन, सामाजिक शास्त्रें तीन, शारीरिक शिक्षण दोन, आणि कला, परभाषा किंवा धंदेशिक्षण यांपैकीं कोणताही एक. गणितांत बीजगणिताचा पहिला अभ्यासक्रम आलाच पाहिजे. सामाजिक शास्त्रांत जगाचा इतिहास, अमेरिकेचा इतिहास, आणि अर्धें अर्धें वर्ष अमेरिकेची राज्यव्यवस्था व अर्थशास्त्र. २०२४ सालच्या कायद्यानें यांत वैयक्तिक अर्थव्यवहाराच्या सहामाही अभ्यासक्रमाची भर पडली आहे. ती २०३०-३१ सालीं शाळा संपविणाऱ्या वर्गापासून बंधनकारक व्हावयाची आहे. शेवटची एक मोठी परीक्षा मात्र नाहीं. २००६ सालच्या वर्गापासून तशी एक परीक्षा सक्तीची होती. ती २०१५ मध्यें तहकूब झाली आणि २०१७ मध्यें कायद्यांतूनच काढून टाकण्यांत आली. म्हणजे दहावीच्या मार्च महिन्यासारखा निर्णायक क्षण तिकडे येतच नाहीं. निकाल दर सहा महिन्यांनीं थोडाथोडा लागत असतो, आणि म्हणूनच तो घरच्यांच्या लक्षांत येत नाहीं.

शारीरिक शिक्षणाची दोन वर्षें ऐकून आपल्याकडील पालकांना हंसूं येतें. पण गणितांत वर्गांत पहिली असलेली मुलगी त्या दोन वर्षांवांचून डिप्लोमापासून अडूं शकते. सूट आहे, परंतु ती नियमानें मागून घ्यावी लागते.

हा सारा हिशेब क्रेडिटांत ठेवितात. बहुतेक शाळामंडळांत सहामाही अभ्यासक्रमास ५ आणि वर्षभराच्यास १० क्रेडिटें धरतात. लॉस एंजलिसच्या शाळामंडळांत डिप्लोमासाठीं एकंदर २१० लागतात. या मोजमापाचा उगम मोठा गमतीचा आहे. अँड्र्यू कार्नेगी यांच्या देणगीतून १९०५ सालीं प्राध्यापकांना निवृत्तिवेतन देणारी एक संस्था निघाली. कोणत्या कॉलेजांतील प्राध्यापक त्यास पात्र, असा प्रश्न येतांच संस्थेनें अट घातली कीं, कॉलेजानें प्रवेशासाठीं हायस्कूलचीं निदान १४ मापें मागितलीं पाहिजेत. एक माप म्हणजे वर्षांत एका विषयाचे सुमारें १२० तास. पेन्शनीच्या आशेनें कॉलेजांनीं ती अट मान्य केली, कॉलेजांच्या धाकानें शाळांनीं वेळापत्रकें बदललीं, आणि प्राध्यापकांच्या म्हातारपणाच्या सोयीसाठीं निघालेलें माप मुलांच्या शिक्षणावर कायमचें बसलें!

आतां दुसरी यादी. कॅलिफोर्निया विद्यापीठ, म्हणजे बर्कली, लॉस एंजलिस, सान डिएगो वगैरे शाखांचें, आणि कॅलिफोर्निया राज्य विद्यापीठ, म्हणजे सान होजे, फ्रेस्नो, लाँग बीच वगैरे शाखांचें, या दोघांनीं मिळून जी यादी ठरविली आहे ती "ए ते जी" या नांवानें ओळखली जाते. तींत वर्षभराचे १५ अभ्यासक्रम आहेत : इतिहास दोन, इंग्रजी चार, गणित तीन, प्रयोगशाळेसह विज्ञान दोन, इंग्रजीखेरीज एक भाषा दोन वर्षें, कला एक, आणि ऐच्छिक एक. गणित चार वर्षें, विज्ञान व भाषा तीन वर्षें केल्यास बरें, अशी कॅलिफोर्निया विद्यापीठाची शिफारस आहे. आणि पंधरांपैकीं अकरा बारावी सुरू होण्यापूर्वीं पुरे झाले पाहिजेत, अशी त्याची अट आहे.

दोन्ही याद्या शेजारीं ठेवून पाहा. राज्य गणित दोन वर्षें मागतें, विद्यापीठ तीन. राज्य इंग्रजी तीन वर्षें मागतें, विद्यापीठ चार. परभाषा राज्याच्या यादींत टाळतां येते, विद्यापीठाच्या यादींत येत नाहीं. परंतु सर्वांत मोठा फरक विषयांच्या संख्येंत नसून श्रेणींत आहे. तिकडे ए, बी, सी, डी आणि एफ् अशा श्रेणी देतात. डी मिळाली तरी शाळेच्या दृष्टीनें विद्यार्थी उत्तीर्ण. क्रेडिटें मिळालीं, डिप्लोमा सुरक्षित. विद्यापीठाच्या दृष्टीनें सीच्या खालीं सारें शून्य. रसायनांत एका सहामाहींत डी मिळविलेला मुलगा घरीं खरेंच सांगतो कीं, "मी पास आहें." आणि तेवढ्या एका वाक्यांत विद्यापीठाचें दार लोटलें जातें. सहामाही स्वतंत्र धरली जाते हेंही लक्षांत ठेवावें.

लॉस एंजलिसच्या शाळामंडळानें दोन दारें एक करण्याचा प्रयत्न केला होता. २००५ सालीं त्यानें ठरविलें कीं, ए ते जी हीच यादी सर्वांच्या डिप्लोमास लावावी, आणि २०१७ सालच्या वर्गापासून सी श्रेणीही मागावी. तो वर्ग जवळ येऊं लागला तसे पुष्कळ विद्यार्थी अडणार असें दिसूं लागलें, आणि २०१५ मध्यें मंडळानें सीची अट मागें घेतली. विषय विद्यापीठाचे राहिले, श्रेणी मात्र डीच राहिली. मंडळाला मी दोष देणार नाहीं. हजारों मुलांना दाखल्यावांचून घरीं पाठविणें हा कांहीं उपाय नव्हे. पण यामुळें पालकांचा भ्रम अधिकच वाढतो, कारण विषय तर सगळे झालेले दिसतात.

डी मिळालीच तर काय करावें? अभ्यासक्रम पुन्हां करतां येतो, उन्हाळ्याच्या वर्गांतही करतां येतो. गणित व भाषा या विषयांत आणखी एक सवलत आहे : पुढच्या पायरीच्या अभ्यासक्रमांत सी किंवा अधिक मिळाल्यास खालच्या पायरीची उणीव भरून निघाली असें धरतात. स्पॅनिशच्या पहिल्या वर्षीं घसरलेली मुलगी दुसऱ्या वर्षीं सावरली तर पहिलें वर्षही वांचतें. सातवी-आठवींत केलेलें बीजगणित किंवा परभाषाही सी श्रेणी असल्यास हिशेबांत येते.

अभ्यासक्रमाच्या नांवाबद्दलही सावध असावें. शाळेंतील प्रत्येक गणित विद्यापीठाला गणित म्हणून मान्य असतेंच असें नाहीं. विद्यापीठ प्रत्येक शाळेची मान्य अभ्यासक्रमांची यादी ठेवितें आणि ती कोणासही पाहतां येते. वसंतांत पुढच्या वर्षाचे विषय निवडावयाचा कागद घरीं येतो, तेव्हां ही यादी शेजारीं ठेवून पांच मिनिटें बसावें. शाळेंतील सल्लागार हें काम करतीलच असें धरून चालूं नये. एकेकाकडे कित्येक शें मुलें असतात.

आतां प्रगत अभ्यासक्रम, ज्यांविषयीं आपले लोक गरजेपेक्षां अधिक बोलतात. यांत मुख्य ॲडव्हान्स्ड प्लेसमेंट, म्हणजे ए. पी. कॉलेज बोर्डानें १९५५ च्या सुमारास ही योजना हातीं घेतली. हायस्कूलांत राहून कॉलेजच्या पहिल्या वर्षाच्या तोडीचा विषय शिकावयाचा आणि मे महिन्यांत बोर्डाची परीक्षा द्यावयाची; गुण १ ते ५. कॅलिफोर्निया विद्यापीठ ३ व त्यावरील गुणांना कॉलेजचीं क्रेडिटें देतें. दुसरा मार्ग इंटरनॅशनल बॅकलॉरिएटचा. ही संस्था १९६८ सालीं जिनीव्हा येथें निघाली. तिच्या डिप्लोमास सहा विषय, ४००० शब्दांपर्यंतचा एक प्रबंध, ज्ञानमीमांसेचा अभ्यास आणि समाजकार्य इतकें सारें लागतें. सर्व शाळांत तो नाहीं.

विद्यापीठ पात्रतेसाठीं जी सरासरी काढतें ती दहावी व अकरावीच्या श्रेणींवरून. नववीच्या श्रेणी यादी पुरी करण्यास चालतात, सरासरींत येत नाहींत. एला ४, बीला ३, सीला २ असा हिशेब. राज्यांतील विद्यार्थ्याची कॅलिफोर्निया विद्यापीठासाठीं सरासरी निदान ३ असावी लागते. ए. पी. सारख्या अभ्यासक्रमांत सी किंवा वरची श्रेणी मिळाल्यास एक गुण अधिक धरतात. परंतु (येथें श्रोत्यांनीं नीट लक्ष द्यावें) हा अधिक गुण फार तर आठ सहामाह्यांना मिळतो, आणि त्यांपैकीं चारांहून अधिक दहावीच्या चालत नाहींत. आठ सहामाह्या म्हणजे वर्षभराचे चार अभ्यासक्रम. शेजाऱ्याच्या मुलानें बारा घेतले म्हणून आपल्यानें तेरा घ्यावे, या चढाओढींत सरासरीला कांहीं मिळत नाहीं. शाळेंत जें उपलब्ध होतें त्यांतून विद्यार्थ्यानें किती कठीण निवडलें, हें निवड करणारे पाहतात, नाहीं असें नाहीं. तरीही रात्रीं एक वाजेपर्यंत जागून पांचव्या प्रगत विषयांत सी मिळविणाऱ्या मुलाला कोणी शहाणा म्हणणार नाहीं; त्याच्या आईबापांना तर नाहींच नाहीं.

माझ्या मतें याहून उपेक्षित आणि पुष्कळदां अधिक हिताचा मार्ग म्हणजे गांवच्या कम्युनिटी कॉलेजांत शाळेबरोबरच एखादा विषय शिकणें. २०१५ च्या एका कायद्यानें शाळामंडळें व हीं कॉलेजें यांना करार करून असे वर्ग हायस्कूलच्या मुलांसाठीं विनामूल्य चालविण्याची वाट मोकळी केली. विद्यापीठाकडे वर्ग होऊं शकणारा असा पुरेशा क्रेडिटांचा एक सहामाही विषय ए ते जी यादींत हायस्कूलच्या पुऱ्या वर्षाइतका धरला जातो. मात्र तेथील श्रेणी कॉलेजच्या कायमच्या नोंदींत राहते. सहज म्हणून नांव घालून अर्ध्यावर सोडून देण्याची ती जागा नव्हे.

याच कॉलेजांमुळें पहिलें दार चुकलेल्या मुलाचाही मार्ग खुंटत नाहीं. १९६० सालच्या राज्ययोजनेनें ठरविलें कीं, हायस्कूलांतून बाहेर पडणाऱ्यांपैकीं वरचा अष्टमांश कॅलिफोर्निया विद्यापीठास, वरचा तृतीयांश राज्य विद्यापीठास पात्र असावा, आणि कम्युनिटी कॉलेज सर्वांना खुलें असावें. तेथें दोन वर्षें नेटानें अभ्यास करून तिसऱ्या वर्षीं बर्कलीस जाणारे विद्यार्थी दर वर्षीं असतात, आणि पदवीवर तो फरक कोठेंही लिहिलेला नसतो. नववींत डगमगलेल्या नातवाबद्दल इकडे कोणी हळहळत असेल, तर त्यानें ही गोष्ट घरांत अवश्य सांगावी.

जें कुटुंब नववी-दहावीच्या सुमारास मुलांसह तिकडे जाणार आहे, त्याला दोन सूचना कराव्याशा वाटतात. दहावीला ९५ टक्के मिळविलेल्या मुलालाही अमेरिकेचा इतिहास व राज्यव्यवस्था तेथें जाऊन शिकावीच लागते. इकडील विषयांना किती क्रेडिटें द्यावयाचीं हें तिकडील शाळामंडळ कागद पाहून ठरवितें. म्हणून सातवीपासूनचीं प्रगतिपुस्तकें, विषयवार गुणांसह, शाळेच्या सहीशिक्क्यानिशीं व इंग्रजी भाषांतरासह निघण्यापूर्वींच हातांत असूं द्यावींत. विमानांत बसल्यावर तीं मागविणें फार कटकटीचें होतें.

दुसरी सूचना मराठी माध्यमाच्या मुलांसाठीं आहे. परभाषेच्या अटीसाठीं इंग्रजीखेरीज कोणतीही भाषा चालते. सहावीपासून पुढें निदान दोन वर्षें ज्याचें सारें शिक्षण दुसऱ्या भाषेच्या माध्यमांतून झालें आहे, त्याची ती अट तेवढ्यानें पुरी झाली असें कॅलिफोर्निया विद्यापीठ मानतें. शिवाय दोन भाषांत प्रावीण्य दाखविणाऱ्या विद्यार्थ्याच्या डिप्लोमावर तसा शिक्का देण्याची प्रथा या राज्यानेंच २०११ च्या कायद्यानें अमेरिकेंत प्रथम सुरू केली. तेव्हां शाळेच्या दाखल्यावर "शिक्षणाचें माध्यम : मराठी" ही ओळ स्पष्ट लिहून घ्यावी.