जोडीतली बाई
(शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा मजकूर)



हंगामावर जाणं ही काही फक्त आपल्याकडची गोष्ट नाही. युरोपात आल्प्सच्या डोंगरात बर्फावरून घसरत जायचा स्कीइंग नावाचा खेळ चालतो. हिवाळा आला की तिथली हॉटेलं भरतात आणि भांडी घासायला, चादरी बदलायला बाहेरून माणसं येतात. स्वित्झर्लंडमध्ये अशा हंगामी परदेशी मजुरांसाठी १९३४ पासून वेगळा परवानाच होता. हॉटेलात, बांधकामावर, शेतात राबायचं, वर्षातून जास्तीत जास्त ९ महिने राहायचं, मग देश सोडायचा. हंगामात मालक बदलायचा नाही. मुलाबाळांना आणायचं नाही. इटली, स्पेन, पोर्तुगालहून आलेल्या कित्येक आईबापांनी मुलं चोरून आणली, दिवसभर खोलीत कोंडली, आवाज करू नका म्हणून बजावलं. युरोपीय देशांशी करार झाला आणि २००२ साली हा परवाना संपला.

आपल्या कातकरी, ठाकर वाड्यांतून दिवाळीनंतर टेम्पो भरून माणसं भिवंडी-कल्याणकडे वीटभट्ट्यांवर जातात, ती पावसाच्या तोंडावर परततात. त्यांना परवाना लागत नाही. परवान्याचं काम उचल करते. पावसाळ्यात कणगी रिकामी होते, घरात कुणी आजारी पडतं, लग्न निघतं. तेव्हा घेतलेले पैसे फिटेपर्यंत मालक सोडता येत नाही. स्वित्झर्लंडमध्ये सरकार बांधून ठेवत होतं, इथे घरातली नड बांधून ठेवते. मुलं मात्र आपल्याला लपवावी लागत नाहीत. ती सगळ्यांच्या डोळ्यांदेखत विटा उलटत असतात. गावच्या शाळेच्या पटावर नाव असतं, पोर भट्टीवर असतं. विधायक संसदेने भट्ट्यांवर ‘भोंगाशाळा’ चालवल्या, त्या यासाठीच. भोंगा म्हणजे कच्च्या विटांचं, वर गवत टाकलेलं मजुरांचं खोपट.

आता बाईकडे येऊ. भट्टीवर मजुरी ठरते ती हजार विटांमागे आणि ती जोडीला. जोडी म्हणजे नवरा-बायको. पहाटे अंधारात उठून दोघं गारा कालवतात, तो थापतो, ती गारा वाहते, किंवा उलट. शिवाय पाणी, चूल, तान्हं पोर तिचंच. पण मालकाच्या वहीत नाव एकाचंच. उचल त्याच्या हातात, आठवड्याची खर्ची त्याच्या हातात, हंगाम संपल्यावरचा हिशोब त्याच्यासमोर. एका दिवसात तिने किती कमावलं, हे तिला स्वतःलाच सांगता येत नाही.

१९७६ साली दोन कायदे झाले. एक समान वेतनाचा, जो पुढे २०१९ च्या वेतन संहितेत घेतला गेला. दुसरा वेठबिगारी नष्ट करण्याचा, तो आजही आहे. पहिला कायदा पुरुषाची मजुरी आणि बाईची मजुरी शेजारी ठेवून बघतो. इथे बाईची मजुरीच नाही, तर शेजारी ठेवायचं काय? परप्रांतीय मजुरांसाठी १९७९ चा कायदा आला, तो राज्याची हद्द ओलांडणाऱ्यांसाठी. मुरबाडहून भिवंडीला गेलेली बाई जिल्ह्याचीही हद्द ओलांडत नाही.

आणि जिला जोडीच नाही ती? विधवा, टाकलेली, नवऱ्याच्या मारामुळे घर सोडलेली? तिला उचल कोण देणार? ती भावाच्या नाहीतर दिराच्या जोडीला तिसरी म्हणून जाते, पोटापुरतं खाते. मुलगी हाताशी आली की जोडी लावून द्यायची घाई होते, त्यामागेही हाच हिशोब असतो. बालविवाहाविरुद्ध आपण वाड्यांत पोस्टर लावतो. पण मजुरी जोडीलाच मिळणार असेल, तर ते पोस्टर भिंतीवरच राहणार.

वेठबिगारीचा कायदा मात्र आपल्या कामाचा आहे. किमान वेतनापेक्षा कमी पैशांत राबवणं ही सक्तीची मजुरीच, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८२ साली आशियाई खेळांच्या बांधकामावरील मजुरांच्या खटल्यात म्हटलं. वेठबिगार ठरलं की उचल फेडायची जबाबदारी कायद्यानेच संपते. २०१६ च्या केंद्राच्या योजनेत पुनर्वसनासाठी पुरुषाला १ लाख, बाईला आणि मुलाला २ लाख रुपये ठरले. प्रकरण तडीस गेल्याशिवाय पूर्ण रक्कम हाती येत नाही, हे खरं. पण त्याआधीच एक अडचण आहे. वहीत नाव नवऱ्याचं, म्हणून तक्रार नवऱ्याची, म्हणून मुक्तीचा दाखला नवऱ्याचा. जिला जास्त मिळायचं, ती कागदावर वेठबिगार ठरतच नाही.

म्हणून तक्रार लिहिताना कुटुंबाचा एक अर्ज करू नका. बाईचा अर्ज वेगळा, तिचा अंगठा वेगळा. उचल घेतली जाते त्या दिवशी वाडीतल्या दोन बायांनी समोर बसायचं आणि रक्कम, तारीख स्वतःच्या वहीत टिपायची. लिहिता येत नसेल तर रोजच्या हजारामागे एक रेघ ओढायची. नुसत्या तोंडी बोलण्यापेक्षा ती बरी. रेशन कार्ड बरोबर न्या. भट्टीजवळच्या दुकानातूनही धान्य मिळण्याची सोय झाली आहे, आणि तेवढं धान्य मिळालं तरी खर्चीसाठी मालकाकडे कमी वेळा हात पसरावा लागतो.

आणखी एक. या कायद्याखाली जिल्ह्यात आणि उपविभागात दक्षता समित्या असाव्या लागतात, त्यांवर अनुसूचित जाती-जमातींचे तीन सदस्य हवेत. आपल्याकडच्या समितीची बैठक शेवटची कधी झाली, त्या तिघांत भट्टीवर राबलेली एक तरी बाई आहे का, हे दोन्ही तालुक्यांतून प्रांतांना लेखी विचारायचं आहे. जेवणानंतर बसून पत्राचा मसुदा करू.