पक्ष्यांची पिसे : ऊब आणि उड्डाण



मार्गशीर्षातील सकाळी शाळेच्या कुंपणावर बसलेल्या चिमण्या उन्हाळ्यातील चिमण्यांपेक्षा अंमळ लठ्ठ दिसतात. त्या चार दिवसांत पोसल्या गेलेल्या नसतात. अंगावरील पिसे उभारून बसलेल्या असतात, एवढेच. एखादा चौकस मुलगा विचारतो, “चिमणी फुगली कशाने?” उत्तर मिळते, “थंडीने.” हे उत्तर खोटे नव्हे, परंतु त्याने प्रश्नाचे दार लागते आणि मुलगा बाहेरच राहतो.

पिसे गरम असतात, अशी समजूत मोठ्या माणसांतही आढळते. वस्तुतः पीस हे आपल्या नखाकेसांप्रमाणे केराटिन नावाच्या द्रव्याचे बनलेले असते आणि पूर्ण वाढल्यावर ते निर्जीव होते. ते स्वतः उष्णता निर्माण करीत नाही. उष्णता निर्माण होते पक्ष्याच्या शरीरात, त्याने खाल्लेल्या दाण्याकिड्यांतून. बहुतेक पक्ष्यांचे तपमान ४० अंश सेल्सिअसच्या आसपास किंवा त्याहून थोडे अधिक असते. ती उष्णता बाहेर जाऊ न देण्याचे काम मुख्यतः पिसांत कोंडलेली हवा करते. स्थिर हवेतून उष्णता फार मंद गतीने वाहते. सोलापूरच्या मुलाला यासाठी दूरचे उदाहरण नको. जाड विणीची चादर किंवा आजीने जुन्या लुगड्यांची शिवलेली वाकळ ऊब देते, ती थराथरांत अडकलेल्या हवेमुळेच. पिसे उभारली की हवेचा थर जाड होतो. चिमणी जणू दुसरी चादर पांघरते.

हे सांगण्यापेक्षा दाखविणे सोपे आहे. सारख्या आकाराच्या तीन बाटल्यांत सारखेच कोमट पाणी भरावे. एक उघडी ठेवावी, दुसरीभोवती कोरड्या पिसांचा जाड थर सैलसर बांधावा, तिसरीभोवती तितकीच पिसे पाण्यात भिजवून बांधावी. दर पाच मिनिटांनी तपमापकाने पाहावे आणि मुलांनीच आकडे फळ्यावर लिहावेत. कोरड्या पिसांतील पाणी सर्वांत सावकाश निवते. ओली पिसे एकमेकांना चिकटून हवा निसटते, त्यामुळे तिसरी बाटली दुसरीइतकी उबदार राहत नाही. पावसात भिजलेले कोंबडीचे पिलू का गारठते, ते मुलांना येथे आपोआप उमगते.

म्हणूनच पक्षी पिसांची निगा राखतात. पुष्कळ पक्ष्यांच्या शेपटीच्या मुळाशी तेलाची ग्रंथी असते. चोचीने ते तेल पिसांना चोपडतात. आपल्या नान्नजच्या माळावर ज्यासाठी १९७९ साली अभयारण्य झाले, त्या माळढोकाच्या कुळात मात्र ही ग्रंथी नसते. हे पक्षी धुळीत लोळून अंग स्वच्छ करतात. कोरड्या माळाच्या रहिवाशाला हे साजेसेच होय.

आपल्या जिल्ह्यात थंडी थोडी आणि ऊन फार. पक्ष्यांना घामाच्या ग्रंथी नसतात. वैशाखात कावळा चोच उघडी टाकून धापा टाकतो, तो याचसाठी. घशातील ओलावा उडून जाताना उष्णता घेऊन जातो. या दिवसांत तीच पिसे बाहेरचे कडक ऊन त्वचेपर्यंत पोहोचू देत नाहीत.

आता उड्डाण. कोंबडीच्या पंखातील एक मोठे पीस मुलाच्या हाती द्यावे. मधला दांडा मुळाशी पोकळ असतो, त्यामुळे तो बळकट असूनही हलका राहतो. दोन्ही बाजूंचे पाते बोटांनी विस्कटावे आणि पुन्हा मुळाकडून टोकाकडे बोट फिरवावे. फाटलेले पाते सांधले जाते! मुले हा खेळ थांबवीतच नाहीत, आणि थांबवूही नयेत. पात्याच्या प्रत्येक तंतूला उपतंतू असतात व त्यांवर सूक्ष्म आकडे असतात. ते शेजारच्या उपतंतूंत अडकून हवेला सहज वाट न देणारा पडदा तयार होतो. आकडे दिसण्यास सूक्ष्मदर्शक हवा. भिंगातून तंतू दिसले तरी पुरे. अंगाजवळच्या मऊ पिसांना आकडे नसतात. म्हणून ती विस्कटलेली राहतात आणि हवा धरून ठेवतात. पारव्याच्या पंखाच्या टोकाकडील पिसात दांड्याची एक बाजू अरुंद असते. उडताना ती पुढे असते.

पंखावरून जाणारी हवा खालच्या हवेला ठरल्या वेळी गाठण्यासाठी अधिक वेगाने धावते, असे स्पष्टीकरण अनेक ठिकाणी दिले जाते. ते चुकीचे आहे. दोन्ही हवांना एकदम पोहोचण्याचे कसलेही बंधन नसते. पंख हवेला खाली वळवितो आणि हवा पंखाला वर रेटते, एवढे प्राथमिक वर्गास पुरे. वाऱ्यात पुठ्ठ्याची पुढची कड किंचित उंच धरली की हा रेटा हाताला जाणवतो.

हिवाळ्यात उजनी जलाशयावर येणारे पट्टकदंब हिमालय ओलांडून येतात. त्यांचे उड्डाण ६,००० मीटरहून अधिक उंचीवर नोंदले गेले आहे. तेथील विरळ व गोठविणाऱ्या हवेत मोठी पिसे त्यांना पेलतात आणि आतली मऊ पिसे राखतात. माळढोकाचा नर १५ किलोग्रॅमपर्यंत भरू शकतो. एवढे ओझेही पिसांचे पंख उचलतात. मात्र अशा जड पक्ष्याला समोरच्या विजेच्या तारा चुकविणे कठीण जाते. मादी बहुधा एका वेळी एकच अंडे घालते. नान्नजला तो आज क्वचितच दिसतो.

एका शाळेत “उद्या पिसे आणा” असे सांगण्यात आले. दुसऱ्या दिवशी एका मुलाने गलोलीने पाडलेला पारवा आणला. त्याच्या मुठीत पक्षी अजून कोमट होता. गुरुजी त्याच्यावर रागावले नाहीत. सूचना अपुरी होती, चूक आपली झाली, असे त्यांनी वर्गासमोर सांगितले. मुलांनी पारवा बाभळीखाली पुरला. त्या दिवशी पाठ झाला नाही.

पिसे कोंबड्या पाळणाऱ्या घरातून मागवावीत, साबणाच्या पाण्यात धुवून कडक उन्हात वाळवावीत, आणि प्रयोगानंतर मुलांकडून हात धुवून घ्यावेत. रानपक्ष्यांकरिता मुलांनी डोळे आणि वही न्यावी. कुंपणावरची चिमणी किती वाजता फुगलेली होती आणि ऊन चढल्यावर केव्हा पूर्ववत झाली, हे वहीत लिहून आणण्यास सांगावे.